खड्डा माझा, फणस तुमचा

वरची वाडी, पाली
ता. १२ जानेवारी १९८६

तुमच्या फणसानं माझ्या खड्ड्यात पाय घातलाय. एक नाही, मांडीएवढे दोन. धाकू गवंडी कमरेएवढं खणून गेला आणि पुढे पहार चालेना. वर येऊन मला विचारतो, "आजी, ही मुळं कुणाची?" म्हटलं, ज्याची आहेत तो परळला पंख्याखाली बसलाय, त्याला काय पत्ता खाली कोण कुठवर पसरलंय त्याचा.

काशीराम भावजी, नमस्कार. नमस्कार आधी लिहायचा असतो हे मला ठाऊक आहे, दोन यत्ता मीही शिकले आहे. पण अकरा वर्षांनी दिराला पत्र लिहायचं तर आधी काय लिहावं हे त्या दोन यत्तांत आलं नव्हतं. गोदाला आशीर्वाद. तिचे गुडघे कसे आहेत ते कळवू नका, माझेही तसेच आहेत.

खड्डा कसला, तर गोबरगॅसचा. शेणात पाणी कालवून टाकीत सोडायचं. त्याचा आत गॅस होतो, तो नळीनं स्वैपाकघरात येतो आणि त्यावर भात शिजतो. तुम्हाला खोटं वाटेल. मलाही वाटलं, म्हणून खालच्या यमुनाबाईकडे जाऊन बघितलं. तिच्याकडे दिवाळीपासून आहे. तिनं त्यावर चहा केला. मी तीन कप प्याले, शेणाचा वास येतो का बघायला. नाही आला. चहा वाईटच होता, पण तिच्या हातचा चहा चुलीवरही तसाच व्हायचा.

आता ह्या गॅसला सरकार पैसे देतं. अनुदान. खर्चाच्या निम्म्याच्या आसपास. उरलेले आपला बाबू बोटीवरच्या पगारातून पाठवतो म्हणालाय. सरकार पैसे देतंय म्हटल्यावर मी आधी दार लावून घेतलं होतं. सरकारी माणूस दारात येतो तो काहीतरी न्यायला, द्यायला आलेला मी अजून बघितला नव्हता. पण जगदाळे म्हणून एक नवा साहेब आहे, घाटावरचा, तरणा आहे. तो ओट्यावर बसला आणि समजावू लागला की जंगल वाचावं, लाकूडफाटा वाचावा म्हणून थेट दिल्लीहून पैसे निघालेत. म्हटलं, मग पालीला पोचेपर्यंत त्यातले उरलेत किती तेवढं सांग.

उरलेत. यमुनाबाईला मिळालेत. तिला मिळाले आणि मला नाही असं झालं तर मी विहिरीवर कुठल्या तोंडानं जाऊ?

तेव्हा आता कामाचं. मंजुरीचा कागद ३१ मार्चच्या आत व्हायला हवा, नाहीतर ह्या वर्षीचे पैसे परत जातात. खड्ड्याला गोठ्यामागचीच जागा आहे, कारण बाकी सगळा कातळ, ते तुम्हाला नव्यानं सांगायला नको, लहानपणी तुमचे गुडघे त्याच कातळावर फुटलेत आणि हळद मी लावली आहे. मऊ माती तेवढीच, आणि नेमका तिथं तुमचा फणस. मुळं टाकी फोडतात आणि सावलीत गॅस नीट होत नाही, म्हणून फणस तोडावा लागेल. सरकारचा नियम असा आहे की झाडाच्या मालकाची सही पाहिजे. नियम सरकारचा आहे, माझा नाही.

संमतीचा कागद सोबत आहे. खाली उजव्या अंगाला सही करा. मी विचारत नाही, कळवते आहे.

घरी सगळी बरी. बाबूची चिमा चौथीत गेली, तोंड आईवर आणि जीभ माझ्यावर गेली आहे. सूनबाई मालन जरा खोकते.

तुमची वहिनी
गंगा


वरची वाडी
ता. ६ फेब्रुवारी १९८६

पोष्टकार्ड पाठवत जाऊ नका. महिपत पोष्टमन ते पालीच्या नाक्यापासून मोठ्यानं वाचत आला. मला कळायच्या आधी यमुनाबाईला कळलं. "झाडाला हात लावू नये." चार शब्द. अख्खं कार्ड कोरं सोडलंत. पैसे तेवढेच पडतात हो, निदान माझी विचारपूस तरी करायची, लोकांना ऐकायला बरी वाटली असती.

नमस्कार.

तुम्हाला वाटत असेल म्हातारीला हौस आली आहे, चार महिन्यांनी उतरेल. तर ऐका, काम कुठवर आलंय ते. मागच्या सोमवारी जगदाळे साहेब तपासणीला आला. नियमाप्रमाणे चार जनावरं लागतात. माझ्याकडे दोन गाई आणि एक पाडी, म्हणजे तीन. म्हणून पहाटेच मुसाभाईची म्हैस मागून आणली आणि आमच्या दाव्याला बांधली. मुसा देताना म्हणाला, "चाची, म्हैस हुशार आहे, हिच्यासमोर खोटं बोलू नका." म्हटलं, तिला कोण विचारतंय.

साहेब वही काढून मोजायला लागला. एक, दोन, तीन, आणि खालच्या मोहल्ल्यात मुसाच्या खतिजानं आंबोणाची बादली वाजवली. म्हशीनं दावं तोडलं आणि साहेबाच्या अंगावरून गेली.

"आज्जी, तुमची म्हैस गेली की."

"चरायला गेली."

"ती त्या घरात शिरली!"

"तिथं तिची मावशी असते."

साहेब वहीत बघत राहिला. हसायचं की रागवायचं हे त्याला ठरवता येईना. मग मीच म्हटलं, "बाबा, एक सांग. गॅस गाईचा होतो की शेणाचा?"

"शेणाचा."

"मग जनावरं कशाला मोजतोस? शेण मोज."

आणि गोठ्यामागचं ताडपत्रीखालचं शेण उघडून दाखवलं. पंधरा दिवस साठवलं होतं, अर्धं माझं, अर्धं वाडीचं. धाकूनं टोपल्या भरून काट्याला लावल्या, साहेबानं नाकाला रुमाल लावून आकडे लिहिले. म्हटलं, का रे, घाटावरच्या गाई काय अत्तर देतात? शेवटी म्हणाला, मोठी टाकी नाही, पण लहान बसेल, तीन जनावरांत भागेल. हे आधी सांगितलं असतंन् तर म्हशीला एवढं पळावं लागलं नसतं.

चहा पिताना खरं बोलला. त्याला वरून सांगितलंय, मार्चअखेर बारा गोबरगॅस मंजूर झाले पाहिजेत. झालेत नऊ. न झाले तर त्याची बदली कुठेतरी आडवळणाला. मी म्हटलं, ह्याहून आडवळणाला? एवढं ऐकल्यावर मला बरं वाटलं. तोवर मी समजत होते मला त्याची गरज आहे.

पण सही नाही तर काही नाही, असं तो म्हणतो. मालकाची सही.

आणि भावजी, खड्डा दुसरीकडे घ्या असं मनात आलं असेल तर ते काढून टाका. धाकूनं चार ठिकाणी पहार मारून बघितली, चारही ठिकाणी ठिणग्या उडाल्या. कातळ फोडायचा तर सुरुंग लावावा लागेल, आणि सुरुंगाला सरकार अनुदान देत नाही, मी विचारलं.

मालनला रत्नागिरीला मोठ्या डॉक्टरला दाखवलं. डॉक्टरांचं काय, ते सांगतच असतात.

आता उत्तर पाकिटातून द्या.

गंगा


वरची वाडी
ता. २ मार्च १९८६

मला खोटारडी म्हणायला तुम्ही ह्या वेळी बंद पत्र पाठवलंत, ते एक बरं केलंत. पण शेजारच्या खोलीतल्या कारकुनाला विचारून म्हणालात हे बरं केलं नाही. सरकारी नियम विचारायचे तर मला विचारायचे. तुमचा कारकून म्हणतो जमीन जिच्या नावावर तिची सही पुरते, झाडाबिडाच्या दुसऱ्या मालकाचा प्रश्न येत नाही. खरं आहे त्याचं. येत नाही.

आला, कारण मी आणला.

आता सांगते. सांगणार नव्हते. फारमात एक रकाना आहे, "सदर जागेवर अन्य कोणाचा हक्क आहे काय?" मालन म्हणाली, "सासूबाई, नाही लिहा." धाकू म्हणाला, "आजी, सगळे नाहीच लिहितात." सातबाऱ्यावर तर तुमच्या फणसाचं नाव नाहीच. पेन माझ्या हातात होतं. मी लिहिलं, "होय. फणस धाकटे दीर काशीराम यांचा. सासऱ्यांनी पाच माणसांदेखत दिला." रकाना पुरला नाही म्हणून शेवटचं समासात लिहिलं.

साहेबानं ते वाचलं आणि कपाळ धरलं. "आज्जी, जमीन तुमची आणि त्यातलं झाड दुसऱ्याचं? असं कसं असंल?" मी म्हटलं, आमच्याकडे असतं. जमीन एकाची, झाड दुसऱ्याचं, वरच्या दोन फांद्या तिसऱ्याच्या मावशीच्या, असंही असतं. "मग आता त्यांची सही लागणार! तुम्ही सरकारी कागदावर हक्क कबूल केला!" मग इकडेतिकडे बघून हळू आवाजात म्हणाला, "मी नवा फारम देतो. नाही लिहा. हा मी बघितलाच नाही."

नवा फारम त्यानं खरंच दिला. तो मी चिमाला चित्रं काढायला दिला. का, ते मला विचारू नका. मालननं विचारलं तेव्हा तिलाही मी गाईला पाणी दाखवायला पाठवून दिलं.

तुम्ही लिहिलंत, पंच्याहत्तर सालात काय बोललात ते आठवा. आठवतं. माझी स्मरणशक्ती गेलेली नाही, दातच गेलेत. त्या मे महिन्यात मी तुमचे बत्तीस फणस मुसाभाईला विकले. तुम्ही सुट्टीत आलात तर झाड बोडकं. तुम्ही विचारलंत आणि मी म्हटलं, जमीन माझी, घागरी मी ओतल्या, तर झाड माझं. घरावर कौलं घालायची होती, हे गेले त्याला पाच वर्षं झाली होती, बाबू अजून बोटीवर लागला नव्हता. ते काही मी तेव्हा सांगितलं नाही, मी फक्त झाड माझं असं म्हटलं. आणि तुम्ही पिशवी उचलून नाक्यावर गेलात ते आजवर.

तेव्हा झाड माझं म्हटलं ते तोंडानं म्हटलं. आता तुमचं म्हटलंय ते शाईनं म्हटलंय, सरकारी फारमात, खाली सहीनिशी. त्याची नक्कल साहेबाकडून शिक्का मारून घेतली आणि सोबत पाठवली आहे. चष्मा लावून बघा. भिंतीवर लावायची तर लावा.

माफी मागत नाही. फारमात माफीचा रकाना नव्हता.

आता एकोणतीस दिवस उरलेत.

गंगा


वरची वाडी
ता. १९ मार्च १९८६

नक्कल पोचली की नाही ते लिहिलं नाहीत, सही करणार की नाही ते लिहिलं नाहीत, आणि विचारता काय, तर "फणस गेला की माझं तिथं काय उरलं?" एवढं एकच विचारायला आंतरदेशीय वाया घालवलंत. साधं विचारा म्हणजे सांगता येईल. गाय किती दूध देते विचारा. असलं काय विचारता?

मामंजींनी वाटणी केली तेव्हा मी दाराआड होते. जमीन थोरल्याला, कारण तो कसणार. तुम्ही मुंबईला निघालेले, तुम्हाला काय द्यायचं त्यावर पाच माणसं तंबाखू चोळत बसली होती. मामंजी म्हणाले, "फणस धाकट्याला. फणस खायला तरी वर्षातनं एकदा येईल." हे तुम्हाला ठाऊक आहे असं मी धरून चालले होते. नसेल ठाऊक तर आता झालं.

तर तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे आज उत्तर नाही. असतं तर दिलं असतं, मी कधी काही पोटात ठेवते का?

साहेब आता रोज येतो. अकरा झाले त्याचे. बारावा माझा. आल्याबरोबर सही आली का विचारत नाही, आधी गाईची चौकशी करतो, मग पाडीची, मग हळूच पोष्टमन आला होता का म्हणतो. काल म्हणाला, "आज्जी, मी मुंबईला जाऊन त्यांच्या पायाशी बसू का?" म्हटलं, बस, पण ते आधी कारकुनाकडून तुझा नियम तपासून घेतील. हसला बिचारा. त्याच्या जागी मी असते तर आतापर्यंत मला शिव्या दिल्या असत्या.

यमुनाबाई विहिरीवर म्हणते, "गंगे, खड्डा बुजवून टाक गो, चिमा पडेल." तिला चिमाची काळजी नाही. खड्ड्यात मीच पडावं असं तिला वाटतं.

मालन आताशा ओट्यावर निजते. हवा बरी असते तिथं. चुलीशी मी बसते, बसायला हौस म्हणून. माझ्या भाकऱ्या चिमा खात नाही, म्हणते एका बाजूला कोळसा आणि दुसऱ्या बाजूला पीठ. मला डोळ्यांनी धड दिसत नाही धुरात, तर मी काय करू?

सही द्यायची नसेल तर नको. पण नाही असं स्वच्छ लिहून पाठवा, म्हणजे मी साहेबाला मोकळा करते, तो दुसरं कुठलं घर बघेल. बारा दिवस आहेत. तुमच्या पत्राला यायला चार लागतात.

गंगा


वरची वाडी
ता. २९ मार्च १९८६

सही गुरुवारी पोचली. अक्षर अजून वाईटच आहे.

शुक्रवारी सुट्टी होती, म्हणून आज सकाळी कागद साहेबाच्या हातात दिला. तो आधी खुर्चीवरून उठला, मग परत बसला, मग माझ्या पाया पडला. सरकारी माणूस पाया पडलेला मी पहिल्यांदा बघितला. मंजुरी झाली.

रजिस्टर पाकिटात तुम्ही मला वेगळी चिठ्ठी लिहिलीत आणि रागावलात. मालनला श्वासाचा त्रास आहे, डॉक्टरांनी धूर बंद करा म्हणून बजावलंय, हे वहिनी तुम्ही चार पत्रांत का लिहिलं नाहीत, जरा खोकते काय लिहिता, असं. मालननं माझ्या पाठीमागे गोदाला पत्र घातलं हे मला कालच कळलं. माझ्याच पत्राबरोबर, त्याच महिपतच्या हातात दिलंन्. महिपत सगळ्या जगाची कार्डं वाचतो, आणि हे मात्र त्यानं मला सांगितलं नाही.

का लिहिलं नाही ते ऐका. मालनचं लिहिलं असतं तर तुम्ही दुसऱ्या दिवशी सही पाठवली असतीत. तुमचा स्वभाव मला ठाऊक आहे, लहानपणी कोंबडी कापली तर दोन दिवस जेवत नव्हतात. पण ती सही मालनसाठी झाली असती. फणसाचं भांडण मालनशी नव्हतं, माझ्याशी होतं.

म्हणून तुमची चिठ्ठी वाचून मला पहिल्यांदा वाईट वाटलं. म्हटलं, शेवटी दया म्हणूनच केली.

मग संमतीचा कागद साहेबानं मोठ्यानं वाचला. मी पाठवलेला नव्हे, तुम्ही स्वतः केलेला स्टॅम्पपेपर. "माझ्या मालकीचा फणस." त्याखाली तुमची सही आणि सहीखाली तारीख. १० मार्च. मी साहेबाला तारीख परत वाचायला लावली. मालनचं पत्र इथून निघालं १९ ला. माझी नक्कल तुम्हाला पोचली असेल सातला किंवा आठला. मी तिथंच बाकावर बसून बोटांवर मोजलं. दोनदा मोजलं.

बारा-चौदा दिवस कागद खिशात घेऊन हिंडलात. धन्य आहे.

घरी येऊन मालनला ओरडणार होते, पण राहिलं. तिला उलट दोन भाकऱ्या जास्त वाढल्या. तिनं त्या खाल्ल्या नाहीत, मी केलेल्या होत्या.

गंगा


वरची वाडी
ता. २३ मे १९८६

गोदाला फणसाच्या कोवळ्या कुयऱ्या पोचल्या का? कळवायची पद्धत असते. एकोणचाळीस होत्या झाडावर तोडताना. पाच भावकीत दिल्या, एक यमुनाबाईला, ती सगळ्यांत लहान बघून. तेहेतीस पोत्यात घालून एसटीच्या टपावर चढवल्या. झाड तुमचं म्हणजे कुयऱ्या तुमच्या. मोजून घ्या. भाजीत ओलं खोबरं जास्त घाल म्हणावं गोदाला, ती हात आखडते.

नमस्कार. आशीर्वाद.

फणस एप्रिलच्या पाच तारखेला पाडला. धाकूनं पहिली कुऱ्हाड घातली तेव्हा मी आत ताक घुसळत होते. इतकं घुसळलं तरी लोणी आलं नाही. मालन म्हणाली, "सासूबाई, रवी उलटी धरली आहे तुम्ही." असेल. झाड गोठ्यावर पडू नये म्हणून दोर लावले होते, दोराला मुसाभाई, महिपत, वाडीतली सहा माणसं आणि जगदाळे साहेब. साहेबाला कुणी बोलावलं नव्हतं. बदली वाचली म्हणून आला होता, पेढे घेऊन. तळहात सोलले त्याचे.

टाकी पंधरा दिवसांत झाली. शेण कालवलं, भरलं, आणि मग नुसतं बसायचं. तीन आठवडे मी रोज त्या घुमटावर हात ठेवून बघत होते, गाय गाभण आहे का बघतात तसं. पहिल्या दिवशी शेगडी पेटवायची म्हणून यमुनाबाई सकाळीच येऊन बसली. नवं लुगडं नेसून. काडी लावली तर फुस्स. दुसरी लावली तर फुस्स. दहा काड्या गेल्या. यमुनाबाई म्हणाली, "गंगे, शेण कमी पडलं गो." मी म्हटलं, कमी वाटत असेल तर तू जरा वेळ बस. साहेब म्हणाला पहिला गॅस तसाच सोडून द्यायचा असतो, त्यात हवा असते. हे त्यानं यमुनाबाई यायच्या आधी सांगायला हवं होतं.

चार दिवसांनी पेटला. निळा. मालननं त्यावर दूध ठेवलं आणि समोर उभी राहिली, तोंड न फिरवता. दूध उतू गेलं तरी हलली नाही. अर्धा शेर दूध गेलं.

आता ती घरात निजते. रात्रीचा खोकला बराच कमी झालाय. आता घोरते, आणि ते खोकल्यापेक्षा मोठं आहे.

अनुदानाचा चेक आला. साहेबानं फोटो काढला, मी, चेक आणि पाडी. पाडी त्यात चांगली आली आहे.

तर आता लाकडाचं. झाडाच्या चांगल्या सहा फळ्या निघाल्या, पिवळ्याधमक. फांद्या आणि ढलप्या निराळ्या, गोठ्याशेजारी छातीएवढा ढीग लागलाय. सगळ्या वाडीला दोन वर्षं पुरतील एवढी लाकडं, आणि मला एक ढलपी लागत नाही, माझं सगळं गॅसवर. यमुनाबाईलाही लागत नाहीत. लाकडं तुमची. त्याचं काय करायचं ते तुम्ही येऊन सांगायचं. मी दुसऱ्याच्या मालाला हात लावत नाही, हे आता सरकारदरबारी लिहिलेलं आहे.

फळ्यांना मात्र हात लावला. सुतार म्हणाला ओलं लाकूड आहे, वर्षभर सावलीत सुकू द्या, नाहीतर वाकेल. वर्षभर थांबायचं माझं वय नाही. त्याला ओट्यावर बसवलं आणि पाट करून घेतले. जेवायचे पाट, आठ. वाकलेच. जरा डुगडुगतात, बसताना एका अंगावर भार देऊन बसावं लागतं. चिमा मुद्दाम डुगडुगवते.

तुम्ही मार्चमध्ये विचारलं होतंत, तिथं माझं काय उरलं. मी काही म्हटलं नव्हतं. तर भावजी, सध्या ह्या घरातली सगळी माणसं रोज दोन्ही वेळा तुमच्या लाकडावर बसून जेवतात. मी, मालन, चिमा, आठवड्यातून एकदा जगदाळे साहेब. चार पाट भिंतीला टेकून उभे आहेत, आणि केर काढताना दर वेळी मला ते हलवावे लागतात. माझी कंबर दुखते. निदान भाडं मागायला तरी या.

मिरगाच्या आत यायचं, नंतर घाटात गाड्या अडकतात. लाकडांचा ढीग पावसात सोडला तर वाळवी लागेल, आणि मग मला बोलू नका.

ह्या पत्राचं उत्तर तुम्ही लिहायचं नाही. तुम्ही "बघू" लिहाल. उत्तर गोदानं लिहायचं. माणसं किती आणि कोणत्या दिवशीची एसटी, एवढंच लिहायचं, बाकीचं इथं आल्यावर तोंडानं बोलेल. पत्र तिच्या हातात द्या.

गंगा